उलट्या पात्यांची कात्री

रविवारची दुपार होती, जेवणं उरकून घर पेंगुळलं होतं, आणि मधल्या खोलीतून कागद कापल्याचा आवाज येत होता. त्यात दचकण्यासारखं खरं तर काही नव्हतं. घरात पाच वर्षांची नात असली की कागद कापले जायचेच. गोपाळकृष्ण खिडकीपाशी स्टुलावर बसून एका जुन्या पकडीच्या सांध्याला रॉकेल चोळत होते, आणि तो आवाज आपल्याला का खुपतोय हे त्यांच्या बराच वेळ लक्षात आलं नाही. आवाज सलग होता, मऊ होता, आणि प्रत्येक वेळी पाती मिटताना शेवटी एक बारीक टक् ऐकू येत होतं. हे चांगलं पोलाद होतं. घरात असा आवाज करणारी कात्रीच नव्हती. सुहासिनीच्या कात्रीला साधा दोरासुद्धा चावून चावून तोडावा लागायचा. मग त्यांना पलीकडे हत्यारांच्या कपाटाचं दार उघडं दिसलं आणि ते पकड तशीच टाकून उठले.

रेवा फरशीवर फतकल मारून रविवारच्या पुरवणीतून मासे कापत होती. हातात शिंप्याची भलीमोठी कात्री. मोठ्या कडीत तिची चारही बोटं मावली होती. आधी त्यांना भीती वाटली, पोर बोट कापून घेईल म्हणून. मग राग आला, कारण आजोबांच्या कपाटाला हात लावायचा नाही हा या घरातला पहिला कायदा होता. आणि राग तोंडाशी येऊन तिथेच अडला, कारण ही कात्री कापत नाही. कापूच शकत नाही. कपाटात तिच्या जागेवर त्यांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी होती : चिमणी छाप, पुणे, सदोष, पाती उलटी.

"रेवा, इकडे दे."

"थांबा ना आजोबा, शेपूट राहिलंय."

शेपूट झालं. त्यांनी कात्री घेतली, अंगठा कडीत घातला, पुरवणीचा एक कोपरा पात्यांत धरला आणि दाबलं. कागद दोन पात्यांच्या मधे दुमडला आणि गिळल्यासारखा आत अडकून बसला. वर्षापूर्वी कापड असंच अडकलं होतं. कडीची धारदार कड अंगठ्याच्या मुळाशी तशीच रुतली.

"तसं नाही काही," रेवा म्हणाली, आणि अडाणी माणसाच्या हातून एखादी वस्तू काढून घ्यावी तशी तिनं कात्री काढून घेतली. "असं."

कर्र, टक्. मासा. तेव्हा कुठे त्यांनी तिचा हात पाहिला. डावा होता.

कपाटासमोरच्या खुर्चीत ते बसून राहिले. खडकीच्या कारखान्यात त्यांनी टूलरूमच्या तपासणीत अख्खी नोकरी काढली होती. केसाच्या जाडीचा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि आपल्या टेबलावरून सदोष नग कधी बाहेर गेला नाही हे ते पाहुण्यारावळ्यांना सांगत. सुहासिनी त्यावर म्हणायची, "नगांचं ठीक आहे हो, या घरात अजून कुणी पास झालेलं नाही." निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून त्यांना जुन्या हत्यारांचा नाद लागला होता. दर रविवारी जुना बाजार, गोणपाटावर मांडलेला गंज, आणि त्यात एखादी पटाशी, एखादा रंधा, पितळी ओळंबा. घरी आणायचं, रॉकेलमध्ये भिजवायचं, गंजाखालून हळूहळू छाप वर येऊ द्यायची, आणि मग ती छाप कुणाची याचा माग काढत पेठा पालथ्या घालायच्या. लोकांना वाटायचं, त्यांना पोलादाचं वेड आहे. त्यांनाही तसंच वाटायचं. पण वस्तू हातात आली की ते आधी बघायचे ती मूठ. परक्या माणसाच्या आयुष्यभराच्या पकडीनं लाकूड जिथं झिजून खोलगट झालेलं असतं तिथं ते आपली बोटं ठेवून बघायचे. बोटं तिथं कधी नीट बसायची नाहीत. थोडं चुकायचंच. या माणसाला आपलं काम आपल्या हाताचं वाटत होतं, एवढं मात्र कळायचं, आणि कळलं की उगाचच भरून यायचं, हेवा वाटायचा. त्याचं कारण त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. तपासणीतल्या माणसाला स्वतःला तपासायची सवय नसते.

चिमणीचा माग काढायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला होता. तिळाएवढी चिमणी, पंख मिटलेली, मुठीपाशी किंवा सांध्याच्या खिळ्याशेजारी उठवलेली. ती छाप असलेल्या दोन पटाश्या, एक पत्र्याची कात्री आणि एक सुरा त्यांच्याकडे होता, आणि चारही इतके नेटके की हातात घेतले की मान आपोआप हलायची. धार लावणारे, खोगीर शिवणारे, म्हातारे सुतार, सगळ्यांना विचारत विचारत अखेर नाव लागलं : युसूफ उस्ताद, भवानी पेठ. भट्टी स्वातंत्र्याच्या सुमाराला थंडावलेली, पण नातू मन्सूर बुधवार पेठेत ट्रान्झिस्टर आणि टू-इन-वनचे सुटे भाग विकतो. आणि नेमकी त्याच आठवड्यात जुन्या बाजारात शिंप्याची ही कात्री सापडली. विकणारा म्हणाला होता, "शोभेला न्या साहेब, कापत नाय ती." गोपाळकृष्णांनी तिथंच उजव्या हातात धरून बघितली आणि त्यांना एका नजरेत दोष कळला. पाती उलटी चढवली होती. जे वर हवं ते खाली. एवढा मोठा कारागीर आणि जोडताना लक्ष चुकलं. त्यांना त्यात एक प्रकारचा आनंदच झाला होता, हे आता आठवून त्यांचे कान गरम झाले. त्याच आनंदात ते कात्री घेऊन मन्सूरच्या दुकानात गेले होते, आणि चार गिऱ्हाइकं काउंटरवर उभी असताना म्हणाले होते, "तुमच्या आजोबांचा हा एक नग फसलेला दिसतोय." मन्सूरनं कात्रीला हात लावला नाही. बाकीच्या नगांबद्दल ऐकायला उत्सुक झालेला त्याचा चेहरा मिटला. तो एवढंच म्हणाला, "फसलेला नग आमचे दादा, आजोबा हो, भट्टीत टाकायचे. छाप मारायचे नाहीत. आणखी काही हवंय का आपल्याला?" हे 'आपल्याला' त्यांना पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. पण चिठ्ठी त्यांनी बदलली नाही. छाप शेवटी मारतात, नग पास झाल्यावर, हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असायला हवं होतं?

संध्याकाळी सुहासिनीनं पाटी काढली. जूनमध्ये रेवाची शाळा सुरू व्हायची होती. मुलगा बाळ आणि सून दोघंही नोकरीवर, तेव्हा पोरीला सांभाळणं आणि वळण लावणं, दोन्ही आजीकडेच. पाटीबरोबर तिनं निळी रिबीनही काढली. हे गेला महिनाभर रोज चाललं होतं. रिबिनीचं एक टोक रेवाच्या डाव्या मनगटाला, दुसरं फ्रॉकच्या पट्ट्याला मागच्या बाजूनं. घट्ट नाही, दुखणार नाही अशी. सुहासिनी दुष्ट नव्हती. बांधताना ती गोष्ट सांगायची, सोडल्यावर मनगटावर फुंकर घालायची. "शाळेत बाईंची पट्टी खाण्यापेक्षा घरची रिबीन बरी," असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात काही चूक आहे असं घरातल्या कुणालाच वाटलं नव्हतं. गोपाळकृष्ण तर रोज समोर बसून वर्तमानपत्र वाचत आले होते. आज मात्र त्यांना वाचता येईना. रेवा उजव्या हातात पेन्सिल घेऊन जीभ बाहेर काढून 'ग' काढत होती, 'ग' पाटीवरून घसरत होता, आणि पाठीमागे बांधलेल्या डाव्या हाताची बोटं हवेत हलत होती. उजवा हात जे काढत होता तेच डावा हवेत काढत होता, आणि बरोबर काढत होता.

करगोटा. शब्द आधी आठवला, मग चित्र. आनंदीबाई आत्या चुलीपुढून उठून यायची, जुन्या लुगड्याची चिंधी लहानग्या गोपूच्या, म्हणजे त्यांच्याच, डाव्या मनगटाला बांधायची आणि दुसरं टोक कमरेच्या करगोट्यात अडकवायची. गोपू तेव्हा रेवाएवढा, किंवा थोडा मोठा. पाटावर बसलेला, समोर भात, आणि हात पुढे न्यायला गेलं की करगोटा पोटात रुतायचा. चिंधीला राखेचा वास होता. आत्यासुद्धा प्रेमळच होती. ती म्हणायची, "लोक काय म्हणतील रे बाळा, डावरा म्हणतील." मग शाळेतली पट्टी, मग दोन-तीन वर्षं बोलताना शब्द ओठाशी अडायचा ते, आणि मग एक दिवस सगळं सुरळीत. अक्षर सुंदर झालं. बक्षीस मिळालं. घरातले सगळे म्हणाले, बघा कसं वळण लागलं. आणि तोही विसरला. इतका विसरला की लग्नाच्या बायकोला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगायला काही आहे हेच लक्षात नव्हतं. गोपाळकृष्णांनी आपला डावा हात मांडीवर उताणा ठेवून पाहिला. गोरा, मऊ, कसलीही खूण नसलेला. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्याकडे ठेवायला दिलाय आणि न्यायला कुणी आलंच नाही, असं काहीतरी वाटलं, आणि त्यांना एकदम रडू येईल की काय अशी भीती वाटली. म्हणून ते उठून गॅलरीत गेले.

"काय झालं हो?" आतून सुहासिनी.

"काही नाही. उकडतंय."

पुढचे काही दिवस त्यांनी त्या कात्रीला हात लावला नाही. म्हणजे कपाट उघडायचे, बघायचे, बंद करायचे. डाव्या हातानं एकदा धरून पाहणं एवढंच काम होतं, आणि तेच होईना. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, घरात एकटा असताना, आपल्याच कपाटातली आपलीच वस्तू उचलायला घाबरतो, यावर हसणारा दुसरा कुणी असता तर त्यांनी त्याच्याबरोबर हसून घेतलं असतं. इकडे रोज संध्याकाळी रिबीन निघत होती. जून जवळ येत होता. आपण आता काही बोललो नाही तर हे पाचसहा महिन्यांत सुरळीत होईल, अक्षर सुंदर होईल, आणि रेवा विसरून जाईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि बोलायचं तर काय बोलायचं? करगोट्याची गोष्ट सांगून सुहासिनीला काय पटणार होतं? तुमचं काय वाईट झालं, असं तिनं विचारलं असतं. त्यांचं काहीच वाईट झालं नव्हतं. नोकरी झाली, घर झालं, मुलगा मार्गी लागला. फक्त मुठी जुळत नव्हत्या.

शनिवारी त्यांनी कात्री पंच्यात गुंडाळली, रेवाचं बोट धरलं आणि सहकारनगरहून पीएमटीनं बुधवार पेठ गाठली. सुहासिनीला सांगितलं, पोरीला दगडूशेठचं दर्शन घडवून आणतो. दर्शन घडवलंही, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. मन्सूरच्या दुकानात त्या दिवशी गर्दी कमी होती. त्यानं त्यांना ओळखलं आणि काउंटरवरच्या तारा गुंडाळायला घेतल्या.

"माझी चूक झाली," गोपाळकृष्ण म्हणाले. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं हे एकच उरलं. त्यांनी पंचा सोडला. "रेवा, काकांना दाखव."

मन्सूरनं नको नको म्हणत जुन्या कॅटलॉगचं पान पुढं केलं. रेवानं डाव्या हातानं त्याचा मासा केला. मन्सूर बराच वेळ मासा बघत राहिला, मग कात्री, मग खिळ्याशेजारची चिमणी. त्यानं स्वतः उजव्या हातात धरून पाहिली, कागद दुमडला, आणि तो पहिल्यांदाच हसला. "म्हणजे मलाही नाही जमली. मी हो, सोल्डरच्या पलीकडे हातात काही धरलेलं नाही." मग त्यानं मागच्या पडद्याकडे बघून हाक मारली, "फुफी, जरा पाहुणे आलेत. दादांची कात्री घेऊन."

वरच्या खोलीत मन्सूरची आत्या, युसूफ उस्तादांची मुलगी अख्तरबानू, लोणच्याची लिंबं पुसत बसल्या होत्या. परात भरून लिंबं, बाजूला मीठ, हळद. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. कात्री त्यांनी हातात घेतली, पदरानं पुसली आणि उघडझाप केली. काही बोलायच्या आधी त्यांचा चेहरा मऊ झाला.

"ही बजरंगची," त्या म्हणाल्या. "खडकीचा शिंपी. लष्कराचे कोट शिवायचा. मी भाता मारत होते तेव्हा, एवढीशी होते."

"तुम्हांला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? हिच्यापायी अब्बांनी किती पोलाद वाया घालवलं. अम्मी रोज भांडायची." त्यांनी परातीतलं एक लिंबू उचललं. "अब्बांची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की ते बोलत बसायचे, आणि मधेच काहीतरी फेकायचे. लिंबू, कांदा, जे हाताशी असेल ते. म्हणायचे, झेला. माणूस ज्या हातानं झेलेल त्या हाताची वस्तू बनवायची. विचारायचं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो." त्या रेवाकडे बघून हसल्या आणि लिंबू तिच्याकडे फेकलं. रेवानं ते डाव्या हातानं झेललं आणि खिदळली. "बघा. तर हा बजरंग आला, म्हणाला, साधी कात्री द्या. अब्बांनी लिंबू फेकलं. त्यानं डाव्यानं झेललं आणि लगेच हात पाठीमागे लपवला. चोरी पकडल्यासारखा. म्हणाला, उस्ताद, उजवाच धरा, मला सवय आहे. अब्बा म्हणाले, तुला सवय आहे, हाताला नाही."

"मग?"

"मग काय, अशी कात्री कुणी केलीच नव्हती. पाती उलटी, कड्यांचा उतार उलटा, सगळं उलटं. जमेना. भट्टीत टाकायचे, पुन्हा घडवायचे. ओली मलमल कापली तेव्हा चिमणीची छाप मारली. बजरंग घ्यायला आला, एकदा चालवून बघितली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. चहा दिला तो थंड झाला. मला वाटलं, आवडली नाही वाटतं." त्यांनी कात्री मिटली. "आमच्यातही जेवायचं उजव्यानंच, बरं का. त्यात अब्बांनी कधी सूट दिली नाही. पण ते म्हणायचे, जेवण उजव्याचं, काम ज्याचं त्याचं."

गोपाळकृष्णांना काहीतरी म्हणायचं होतं. त्या पायरीवर बसलेल्या माणसाला ते ओळखत होते, त्याचा थंड झालेला चहासुद्धा त्यांना ओळखीचा वाटत होता. कात्री तुमची आहे, ठेवून घ्या, असं म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द ओठाशी येऊन अडला, तसाच, लहानपणीसारखा. अख्तरबानू त्यांच्याकडे चष्म्यातून बघत होत्या.

"साहेब, झेला."

लिंबू हवेत होतं. विचार करायला वेळ नव्हता, आणि नव्हता हेच बरं झालं. तळव्यात काहीतरी गार, गोल, वजनदार येऊन बसलं, आणि बोटं त्याच्याभोवती मिटली. नीट मिटली. कुठेही थोडंसुद्धा चुकलं नाही. उजवा हात गुडघ्यावर तसाच पडून होता. त्यांनी आपल्या डाव्या मुठीकडे पाहिलं, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा तो हात त्यांना आपला वाटला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही. मन्सूर सभ्य माणूस, तो लगबगीनं चहा सांगायला खाली गेला.

"आजोबा, तुम्हीपण," रेवा म्हणाली.

कात्री परत घ्यायला अख्तरबानूंनी साफ नकार दिला. "आमच्या घरात ती कोण चालवणार? हिला द्या. आणि कपाटात ठेवू नका, गंजेल." निघताना मन्सूरनं भवानी पेठेतली भट्टीची जागा दाखवायचं कबूल केलं. "पुढच्या रविवारी या. जुना बाजार एक दिवस चुकला तर चालेल ना आपल्याला?" या वेळचं 'आपल्याला' वेगळं होतं.

घरी पोचले तेव्हा पाटीची वेळ झाली होती. सुहासिनी रिबीन घेऊन बसलीच होती. "दर्शनाला एवढा वेळ? गणपतीही रांगेत उभा होता की काय?"

"आज बांधू नकोस," गोपाळकृष्ण म्हणाले.

तिनं वर बघितलं. लग्न झाल्यापासून घरातल्या कामात त्यांनी असं बोट घातलं नव्हतं. ते तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी करगोट्याची गोष्ट सांगितली. चिंधी, राखेचा वास, पोटात रुतणारा दोरा, अडणारा शब्द, मिळालेलं बक्षीस. अक्षर छान आलं, हेही सांगितलं. बजरंगचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"मलाच माहीत नव्हतं ग."

सुहासिनी रिबीन बोटाला गुंडाळत राहिली. "जेवायचं मात्र उजव्यानंच."

"जेवायचं उजव्यानंच."

"आणि शाळेत बाईंनी मारलं तर?"

"पहिल्या दिवशी मी जातो बरोबर. बाईंशी बोलतो."

"तुम्ही? बोलणार?"

"बोलीन. अडखळलो तर अडखळलो."

रेवानं तोवर पुरवणीचं उरलेलं पान अंथरलं होतं. त्यांनी कात्री उचलली आणि डाव्या हाताचा अंगठा कडीत घातला. कड कुठेही रुतली नाही. पाती कागदाला भिडली, कर्र झालं, आणि हात भलतीकडेच निघून गेला. पन्नास वर्षं बसून असलेला हात, त्याला रेघ कुठली माहीत असायला. माशाचं डोकं उडालं.

"आजोबा, वाकडं गेलं," रेवा म्हणाली. "पुन्हा करा."

"तीस वर्षं लोकांचे नग नापास केलेत," सुहासिनी म्हणाली, "आता बसा." तिनं रेवाला जवळ ओढून दोन मांड्यांत धरलं, तिचे विस्कटलेले केस हातात घेतले, आणि ती निळी रिबीन तिच्या वेणीला बांधायला घेतली.